इडलीपात्रातले स्क्रू

आमच्या घरमालकांनी माझा कॉम्प्युटर पहिल्यांदा उघडला त्या दिवशी स्क्रू ठेवायला काकूंचं इडलीपात्र मागवलं, आणि पुढे जवळजवळ दोन महिने त्या घरात इडली झाली नाही.

"एका खळग्यात एका जागचे स्क्रू," ते मला समजावत होते. "वरच्या ताटलीत झाकणाचे, मधल्या ताटलीत पंख्यांचे, खालच्या ताटलीत पोटातले. उलट क्रमाने लावत आलं की मशीन जसंच्या तसं मिटतं. सगळे एका वाटीत टाकलेत तर शेवटी दोन उरणार. आणि उरलेला स्क्रू माणसाला झोपू देत नाही, बाई."

काकू दारात उभ्या होत्या. "मी उडीद भिजत घातलेत," त्या म्हणाल्या.

"डोसे कर," मान वर न करता काका म्हणाले.

मी त्यांची भाडेकरू. मूळची कऱ्हाडकडची. विरारच्या एका शाळेत गणित शिकवायला म्हणून इकडे आले आणि आगाशीत त्यांच्या वाडीच्या टोकाची खोली भाड्याने घेतली. खोली म्हणजे पूर्वी केळीचे घड ठेवायचं कोठार. मागच्या खिडकीबाहेर मोगऱ्याचे ताटवे, त्यांच्या पलीकडे विहीर, विहिरीशेजारी मोटारीची पत्र्याची खोपी. पुढच्या बाजूला वीस पावलांवर काका-काकूंचं घर. दोघं आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे. ती मला वर्षभर कळली नाही, पण कोण कोणाला ओरडतंय ते पहिल्या दिवसापासून कळायचं.

काका आयुष्यभर गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. पत्रा दाबायची अजस्र यंत्रं बिघडली की त्यांना बोलावणं यायचं. निवृत्त होऊन वाडी बघायला लागले, तरी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टरच. एकदा पोस्टात रजिस्टर पत्र घेताना त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि मन लावून सही केली. कागदाला भोक पडलं. तरी पोस्टमनलाच म्हणाले, "तुमचा कागद पातळ आहे."

कुठल्याही नव्या वस्तूला ते आधी हाताची पालथी बाजू लावत. तळवा लावला आणि करंट असला तर मूठ आवळते, वस्तू सुटत नाही. पालथा हात मात्र झटकला जातो. विजेच्या वस्तूंपुरतं हे ठीकच. पण काका चहाच्या कपाला पालथा हात लावायचे, केळीच्या घडाला लावायचे, तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळालाही तसाच. नात्यातली एक नवी नवरी पाया पडायला वाकली, तर तिच्याही डोक्यावर पालथा हात ठेवून आशीर्वाद दिला. "चला, शॉक नाही बसला," काकू मागून म्हणाल्या. नवरी बिचारी बावरून गेली.

आता कॉम्प्युटरचं सांगते. तो मी स्वतः जोडला होता, आणि त्याचा मला भलताच माज होता. शाळेतली नोकरी सुटली तेव्हा घरबसल्या ऑनलाइन गणित शिकवायचं काम मिळालं. जुना लॅपटॉप व्हिडिओ लावला की हाफायचा. म्हणून आठवडाभर व्हिडिओ बघितले, एकेक भाग मागवला आणि जमिनीवर चादर अंथरून डेस्कटॉप जोडला. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरले तेव्हा मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

हा माज आठ दिवस टिकला. मग तो मधेच बंद पडायला लागला. बंद म्हणजे कसा? ना धूर, ना आवाज, ना कसली सूचना. चालता चालता पडदा काळा, आणि लगेच आपणहून पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही अशा थाटात! कधी सकाळी सातला, कधी पावणेदहाला, कधी भर दुपारी. कधी दिवसात चारदा, कधी अजिबात नाही. आणि माझी नोकरी तीन महिन्यांच्या कच्च्या बोलीवर. त्यात अट होती की चालू वर्ग तीनदा तुटला तर पुढे नेमणुकीचं पत्र नाही. पहिल्यांदा तुटला तो वर्तुळाच्या स्पर्शिकेत. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा मी परत येईपर्यंत पोरांनी स्क्रीनवर लिहून ठेवलं होतं, 'बाई गायब, सुट्टी.' राहिला एक. हातात दुसरं काम नव्हतं आणि कऱ्हाडला परत जाऊन "बघ, सांगत होते ना" हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

विरारच्या एका दुकानात मशीन उचलून नेलं. दुकानातला मुलगा लांबूनच बघून म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेला. नया डालना पडेगा."

हे काकांना सांगितलं तर ते संतापले. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, ते त्यांनी पहिल्याच वाक्यात कबूल केलं. "पण उघडल्याशिवाय निदान? आमच्याकडे अशा माणसाला गेटच्या आत घेतला नसता. बाई, मशीन ते मशीन. आणा इकडे."

अशी सुरुवात झाली.

काकांची दोषशोधनाची पद्धत एका वाक्याची होती: एका वेळी एकच बदल, मग तीन दिवस थांबायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर कशाने गेला ते कळत नाही. आणि कळलं नाही तर तो गेला नाही, नुसता बाहेर फिरायला गेलाय. त्यांनी दोनशे पानी वही घातली. पहिल्या पानावर संशयितांची यादी, एकाखाली एक. जो निर्दोष ठरेल त्याच्यावर लाल पेनाने रेघ, शेजारी सही. आणि लाल रेघ मारलेलं प्रकरण पुन्हा उघडायचं नाही, हा दुसरा नियम.

यादीत पहिलीच होती वीज. काकांनी आपला मीटर माझ्या खोलीतल्या प्लगमध्ये खुपसला. दोनशे तीस. अर्ध्या तासाने पुन्हा, दोनशे एकोणतीस. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पुन्हा, दोनशे तीस. "वाडीतली सगळी वायरिंग माझ्या हातची आहे," ते म्हणाले आणि झोकात रेघ ओढली. वीज निर्दोष. सही.

"काका, एक यूपीएस घेऊन टाकते ना," मी सुचवलं. "लाइट गेले-आले तरी चालू राहील."

"अजिबात नाही! त्याने दोष झाकला जाईल. ताप का आला ते न बघता गोळी गिळण्यातला प्रकार. आधी निदान."

आता तुम्ही म्हणाल, नोकरी तुझी, मशीन तुझं, तू त्यांचं ऐकलंसच कशाला? ऐकलं खरं. त्यांच्या त्या वहीपुढे आणि सहीपुढे माझं काही चालायचं नाही. गणिताच्या बाईला कोणी पद्धतशीर भेटलं की ती विरघळते, दुसरं काय!

मग एकेक भागाची पाळी आली. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात काकांनी खोडरबराने घासले. तीन दिवस. प्रोसेसरवरचं मलम पुसून नवं लावलं, तेही तुपाच्या चमच्याच्या दांड्याने, मोजून तांदळाएवढं. तीन दिवस. पॉवर सप्लाय कोणाकडून तरी मागून आणून बदलून बघितला. तीन दिवस. प्रत्येक वेळी स्क्रू इडलीपात्रात आणि इडलीपात्र माझ्या टेबलावर. माझं काम एवढंच की मशीन बंद पडलं की वहीत वेळ लिहायची. ६.५२, ९.४०, ११.१५, ४.०५. काका चष्मा कपाळावर चढवून त्या आकड्यांकडे बघत बसायचे. "काहीतरी हिशोब आहे याचा," ते म्हणायचे. मी म्हणायचे, काही हिशोब नाही, निव्वळ माझं नशीब.

आणि एक गोष्ट हळूहळू दोघांच्याही लक्षात आली. काका खोलीत असले की मशीन बंद पडत नसे. तासभर बसोत, तीन तास बसोत, अगदी शहाण्या बाळासारखं चालायचं. काका गेले की बंद. दवाखान्याच्या दारात जसा खोकला थांबतो ना, तसं.

"तुमचा पायगुण आहे," मी म्हटलं.

काकांना ते झोंबलं. "पायगुण वगैरे काही नसतं. मी आल्यावर या खोलीत काहीतरी बदलतं. काय बदलतं?" त्यांनी वहीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं, 'मी.' खाली यादी: वजन, टेस्टर, घड्याळ, शर्ट, चष्मा.

आणि खरंच एका वेळी एक! पहिल्या दिवशी टेस्टर माझ्या टेबलावर ठेवून वाडीत गेले. पाऊण तासात मशीन बंद. टेस्टरवर लाल रेघ. मग घड्याळ ठेवलं. मग एके दिवशी अंगातला शर्ट काढून माझ्या खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला आणि गंजिफ्रॉकवर विहिरीकडे निघाले. वाटेत काकूंनी गाठलं. "शर्ट कुठाय?"

"बाईंच्या खोलीत," काका शांतपणे म्हणाले आणि पुढे गेले.

काकू तडक माझ्या दारात. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा कपाळावर हात मारून त्या तिथेच पायरीवर बसल्या. "अगं, गोखिवऱ्याला असताना मशिनं कारखान्यात बिघडायची, घरी तरी शांतता असायची," त्या म्हणाल्या. तेवढ्यात आत मशीन बंद पडलं. शर्टावर लाल रेघ.

दरम्यान कच्च्या बोलीचे शेवटचे तीन आठवडे राहिले. माझा धीर सुटला. मी हात जोडले. "काका, ते निदान राहू दे. पायगुण म्हणा, नका म्हणू, पण पाच ते सात माझा वर्ग असतो तेवढा वेळ येऊन बसा. माझ्या पोटाचा प्रश्न आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बसतो."

आणि बसले. रोज पाचला पाच कमी असताना, धुतलेला शर्ट घालून, कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत. कॅमेऱ्यात त्यांचा अर्धा खांदा यायचा. पोरं त्यांना 'मागचे आजोबा' म्हणायला लागली. पहिले दोन दिवस काका माझ्याकडे न बघता मशीनकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवरच्या फळ्याकडे बघायला लागले. पाचव्या दिवशी मी एका उदाहरणात वजाची खूण विसरले, तर कोपऱ्यातून टेस्टर वर झाला, हात वर करावा तसा. वर्ग संपल्यावर म्हणाले, "बाई, हे सूत्र मी तीस वर्षं यंत्राचा पट्टा कापताना वापरलं. त्याला नाव आहे हे आज कळलं." मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

मशीन एकदाही पडलं नाही. बारा दिवस.

पण वाडीला संध्याकाळचं पाणी मिळेना. दिवस मे महिन्याचे. विहिरीला पाणी जेमतेम. थोडं साठलं की मोटार लावायची, तळ लागला की बंद करायची, पुन्हा साठलं की पुन्हा लावायची, असं दिवसात कितीदा तरी चालायचं. ते सगळं काका स्वतः बघत. पाण्याला घड्याळ नव्हतं, त्यामुळे काकांनाही नव्हतं. मोटार चालू ठेवून ते कधी विहीर सोडून जात नसत, कोरडी चालली तर जळेल म्हणून. आणि त्या जुन्या स्टार्टरला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आता पाच ते सात ते माझ्या खोलीत, म्हणून मोटार बंद. मोगरा सुकायला लागला. काकू कळ्या ओंजळीत घेऊन आल्या आणि मला दाखवल्या. "बघ, बोराएवढ्या असायच्या, ज्वारीएवढ्या झाल्यात." मला कानकोंडं झालं. "काका, आज राहू दे," मी म्हटलं. ते म्हणाले, "मोगरा पुढच्या महिन्यात परत येईल. तुमचं पत्र येईल का?"

तेराव्या दिवशी आमच्या वरच्या मॅडम वर्ग बघायला येणार होत्या. येणार म्हणजे स्क्रीनवरच, एका चौकोनात. त्यांनी हो म्हटलं की पत्र पक्कं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी हेडफोन चढवले. त्रिकोणमिती, पहिलाच धडा, पोरंही छान उत्तरं देत होती. चाळीस मिनिटं झाली. मॅडमनी दोनदा मान डोलावलेली मी बघितली.

आणि पडदा काळा झाला.

मी नुसती बघत राहिले. तेवढ्यात मागून टाळी वाजली. काका खुर्चीतून उभे राहिले होते आणि चेहरा असा फुललेला, जणू नातू झाला!

"पडला! बाई, माझ्या डोळ्यांसमोर पडला! पायगुण खोटा!"

"काका!" मी किंचाळले. "माझी नोकरी गेली!"

पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं आणि मान खिडकीकडे वळली होती. मी हेडफोन काढले. बाहेर मोटार चालू होती. घर्रर्र करत, नेहमीसारखी. तो आवाज त्या वाडीत कावळ्यांच्या आवाजासारखा, कोण लक्ष देतो! आणि वर्गात माझ्या कानांवर हेडफोन.

"मोटार कोणी लावली?" काका हळू आवाजात म्हणाले.

काकूंनी लावली होती. कळ्यांचे हाल बघवेनात म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा त्या स्टार्टरला हात लावला होता.

काका धावत सुटले. मोटार थांबली. खोपीतून त्यांचा आवाज आला, "बाई, मशीन चालू झालं का?" मी कशीबशी पुन्हा वर्गात शिरत होते, मॅडमचा चौकोन नुकता उघडत होता. सवयीने ओरडले, "झालं!" लगेच घर्रर्र. पडदा काळा. "पडलं का?" "पडलं!" मोटार बंद. पुन्हा घर्रर्र. या वेळी टिकलं. पुन्हा. पडलं. मी खिडकीच्या गजांना धरून ओरडत होते, "काका, पुरे! अहो वर्ग चालू आहे माझा!" आणि ते विहिरीवरून ओरडत होते, "अजून एकदा! एकदोनदा म्हणजे योगायोग असू शकतो!"

पाचदा मोटार लावली, तीनदा मशीन पडलं. मग सगळं शांत झालं.

बराच वेळ ते परत आले नाहीत म्हणून मी खोपीत गेले. काकांनी मेन स्विच बंद करून भिंतीवरचा विजेचा फळा उघडला होता. तिथून एक वायर निघून भिंतीतून माझ्या खोलीकडे गेली होती. सांध्यावरची काळी पट्टी त्यांनी सोडली होती आणि आत तांबं जळून कोळशासारखं झालं होतं. कोठाराची खोली केली तेव्हा त्यांनीच घरातून वेगळी वायर न ओढता जवळच्या मोटारीच्या फळ्यावरून ओढली होती. आधीच्या भाडेकरूकडे एक दिवा आणि एक पंखा. पंखा क्षणभर मंदावला तर कोणाला कळतं? मोटार उठताना त्या सांध्यावर ओढ बसली की वीज डोळा मिटून उघडावा इतकी दबायची, आणि तेवढं माझ्या मशीनला पुरायचं. ते मीटर लावायला आले की अर्थातच मोटार बंद. शर्ट ठेवून गेले ते थेट मोटार लावायलाच.

"हा माझ्या हातचा आहे," काका सांध्याकडे बघत म्हणाले. तळव्याने त्यांनी तो सांधा धरला होता, पालथ्या हाताने नाही.

त्या रात्री मॅडमचा निरोप आला, उद्या सकाळी बोलू. निरोप वाचूनच सगळं कळलं.

सकाळी काका माझ्या आधी खोलीत हजर. खिशात टेस्टर नव्हता. तो मला इडलीपात्राच्या वरच्या ताटलीत दिसला, स्क्रूंच्या शेजारी. मला भडभडून आलं. आदल्या दिवशी जीव घ्यावासा वाटत होता त्या माणसाचा, आणि आता त्याचा तो रिकामा खिसा बघवेना.

मॅडम स्क्रीनवर आल्या. "बघ, तू शिकवतेस छानच, पण मला पण वरती उत्तर द्यावं लागतं ना. तीन म्हणजे तीन."

मी तोंड उघडायच्या आत काका कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी वही उघडून धरली, तीही उलटी. "मॅडम, मी यांचा घरमालक. हे पहिलं पान बघा. 'वीज निर्दोष', ही माझी सही. ही चूक आहे. यांनी मला दोष शोधायला दिला आणि दोष मीच होतो. दोन महिने मी यांचं मशीन सोलत बसलो आणि रोज स्वतःच्या हाताने बंद पाडत होतो. शिक्षा करायची तर त्यांना नका करू." त्यांनी खिशाकडे हात नेला, टेस्टर नाही हे आठवलं, मग माझ्या टेबलावरचं लाल पेन घेऊन स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि तिच्यावर पुन्हा सही केली.

मॅडम म्हणाल्या, "ते मागचे आजोबा तुम्हीच का? पोरांनी फीडबॅकमध्ये लिहिलंय तुमच्याबद्दल." आणि हसल्या. "बरं काका, परत होणार नाही याची गॅरंटी देता?"

माणसाने सरळ हो म्हणावं की नाही? पण नाही!

"गॅरंटी नाही देत," काका म्हणाले. "एक बदल करतो. तीन दिवस द्या."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पण मॅडमनी तीन दिवस दिले.

त्याच दुपारी काकांनी घरातून माझ्या खोलीपर्यंत नवी वायर ओढली. उन्हात, टोपी न घालता, काकूंचा आरडाओरडा ऐकत. जुना सांधा कापून वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवला. मग विहिरीवर जाऊन उभे राहिले आणि माझ्या खिडकीकडे बघून ओरडले, "बाई, लावू का?"

मी चालू होतं ते सगळं सेव्ह केलं. "लावा!"

घर्रर्र. मशीन जागचं हललं नाही.

तीन दिवस हेच. प्रत्येक वेळी मोटारीच्या आधी "लावू का?", प्रत्येक वेळी "लावा!" चौथ्या दिवशी मॅडमसमोर त्रिकोणमितीचा तोच धडा पूर्ण झाला, मागे मोटार चालू, मोगऱ्याला पाणी जातंय आणि कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. पत्र आलं. काका स्वतः विरारला जाऊन यूपीएस घेऊन आले. "आता लावा. आता लपवण्यासारखं काही नाही." मी इडलीपात्रातला टेस्टर उचलून त्यांच्या खिशात खोचला आणि म्हटलं, "काका, रिकामा खिसा तुम्हाला शोभत नाही." त्यांनी खिशावर एकदा हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी इडल्या केल्या. तिसऱ्या इडलीत काकांच्या दाताखाली स्क्रू आला. त्यांनी तो काढून उजेडात धरला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "मधली ताटली. पंख्याचा. तरी म्हटलं एक कमी कसा!"

पुढे मी आचोळ्याला छोटा फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काका कॉम्प्युटरजवळ उभे होते. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, सरळ तळवा.

आता आगाशीतली मोटार आणि माझा कॉम्प्युटर यांच्यात मैलोगणती अंतर आहे. वायर वेगळी, खांब वेगळा, सगळंच वेगळं. काकांना हे माझ्याहून चांगलं कळतं, आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय? तरीही उन्हाळ्यात, विहिरीला पाणी थोडं असतं त्या दिवसांत, संध्याकाळी वर्गाच्या आधी फोन वाजतो. तब्येत नाही, हवापाणी नाही, एकदम मुद्द्याला हात.

"बाई, लावू का?"

मी चालू असलेलं सगळं सेव्ह करते. खरंच करते. मग सांगते, "लावा, काका."